माझ्या वहीतले बंडखोर शब्द

मुलांनो, मी एका खेडेगावातल्या शाळेत चौथीला शिकवते. फुटबॉल म्हणजे आमच्या मुलांचा जीव की प्राण! डिसेंबर २०२२ मध्ये अर्जेंटिनाने विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या आठवडी बाजारात निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे, पाठीवर १० आकडा असलेले सदरे आले आणि दोन बाजारांत संपलेसुद्धा. त्याच दिवसांत वर्गातल्या एका मुलाने मला विचारले, "बाई, मेस्सी घरी कोणत्या भाषेत बोलतो?"

"स्पॅनिशमध्ये," मी सांगितले.

"मग ती आम्हांला शिकवा की!"

आता आली का पंचाईत! मला स्पॅनिशचे एक अक्षरही येत नव्हते. पण डीएडला असताना आमचे एक सर नेहमी म्हणायचे, "ज्या दिवशी मास्तर शिकायचा थांबला, त्या दिवशी त्याचा खडू कोरडा पडला." म्हणून पुण्याला गेले असताना जुन्या पुस्तकांच्या गाडीवरून एक शब्दसंग्रह आणला. दोनशे पानी वही घातली. उच्चार मोबाइलवर ऐकायचे आणि रोज रात्री भांडी आवरली की दहा शब्द लिहायचे, असा नेम केला. त्या वर्षीची मुले पाचवीत गेली, सहावीत गेली. माझा नेम मात्र चालूच राहिला.

माझी आई माझ्याकडेच असते. मी शब्द म्हणते, ती समोर लसूण सोलत ऐकते. तिला लिहिता-वाचता बेताचेच येते. पण कान मोठा तिखट. फळे झाली, रंग झाले, नातीगोती झाली, पाऊसपाणी झाले. मग एके रात्री पान उलटले, तर पुढच्या धड्याचे नाव होते, 'अशांतता आणि उठाव'. तीसेक शब्दांची यादी. बंड, दंगल, संप, मोर्चा, लूट, जमावबंदी!

मनात आले, हा धडा सोडून द्यावा. चौथीच्या मुलांना काय करायचेत हे शब्द? पण यादीतल्या पहिल्याच शब्दाने माझा हात धरला.

तो शब्द होता 'लेबान्तामिएन्तो'. केवढा लांबलचक! पण त्याचा धाकटा भाऊ मला आधीच भेटलेला होता. 'मे लेबान्तो' म्हणजे 'मी उठते'. सकाळी सहाला उठते, तोंड धुते, चहा पिते, हे अगदी पहिल्या आठवड्यात शिकलेले. त्याच उठण्यावरून हा मोठा शब्द झाला आणि त्याचा अर्थ उठाव!

मी आईला सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे आपल्यासारखंच की गं. उठणं आणि उठाव."

खरेच की! स्पेन कुठे आणि आपला महाराष्ट्र कुठे! पण निजलेला, दबलेला माणूस उठून उभा राहिला, हेच चित्र दोन्ही भाषांना दिसले. मग मी ठरवले, हा धडा सोडायचा नाही. उलट प्रत्येक शब्दाच्या पोटात काय दडले आहे ते बघायचे.

संपाला स्पॅनिशमध्ये 'वेल्गा' म्हणतात. लिहिताना त्याच्या सुरुवातीला 'ह' असतो. पण स्पॅनिशमध्ये तो 'ह' मुका. या वेल्गाच्या पूर्वजाचा शोध घेतला, तर आपण थेट लोहाराच्या भात्यापाशी पोचतो. प्राचीन रोमच्या लॅटिन भाषेत भात्याला 'फोलिस' म्हणत. त्यावरून भात्यासारखा धापा टाकणे, दम घेणे असा अर्थ आला. त्याचे पुढे स्पॅनिशमध्ये 'विसावणे' झाले आणि त्या विसाव्यावरून 'वेल्गा' झाले. काम करून करून छाती भात्यासारखी वरखाली होते, तेव्हा माणूस हातातले अवजार खाली ठेवतो आणि म्हणतो, "आता पुरे. आधी माझे ऐका." हाच संप.

आपला 'संप' शब्द मात्र दुसरीकडे पाहतो. शेजारच्या गुजराती भाषेत 'संप' म्हणजे एकोपा. एकट्याने काम सोडले तर तो संप होत नाही, सगळ्यांनी मिळून सोडले तरच होतो. आणि 'हरताळ'? त्यात हाट आहे आणि टाळे आहे. बाजाराला कुलूप! गोष्ट एकच, पण एका शब्दाला धाप दिसली, दुसऱ्याला एकजूट दिसली, तिसऱ्याला बंद दुकान दिसले.

आता 'रेबोलुसिओन' घ्या. म्हणजे क्रांती. या शब्दाचा मूळ अर्थ फिरणे, गोल फिरून येणे. कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याच्या नावातही हाच शब्द होता. पण तिथे त्याचा राजाशी, प्रजेशी काही संबंध नव्हता. तिथे फिरत होते ते आकाशातले गोल. माणसांच्या उलथापालथीला हा शब्द नंतर लागला. आणि आपल्या 'क्रांती'चे काय? तीसुद्धा आकाशातच होती, बरं का! सूर्याच्या वर्षभराच्या वाटेला आपण 'क्रांतिवृत्त' म्हणतो आणि सूर्य एका राशीतून दुसरीत गेला की 'संक्रांत'. म्हणजे तिळगुळाची संक्रांत आणि क्रांती या सख्ख्या बहिणीच म्हणायच्या. मी हे वर्गात सांगितले, तेव्हा एक मुलगी म्हणाली, "बाई, म्हणजे क्रांती दर जानेवारीत येते?" सगळा वर्ग हसला, मीही हसले.

निदर्शनांना स्पॅनिशमध्ये 'मानिफेस्तासिओन' म्हणतात. म्हणजे उघड करून दाखवणे. आपल्या 'निदर्शन' शब्दातही 'दर्शन' आहे. ज्यांच्याकडे कुणी बघत नाही, त्यांनी 'आम्हांला बघा' म्हणणे. आणि 'रेबेल्दे' म्हणजे बंडखोर. त्याच्या लॅटिन मुळात 'पुन्हा युद्ध' असे दोन तुकडे आहेत. रोमन लोकांनी एखाद्या मुलखाला जिंकायचे आणि त्या मुलखाने पुन्हा शस्त्र उचलायचे. तो 'पुन्हा' मला फार महत्त्वाचा वाटला. बंडखोर कोण, तर एकदा हरूनही न संपलेला!

मुलांना मात्र सगळ्यांत आवडला तो एक प्रत्यय. प्रत्यय म्हणजे शब्दाच्या शेपटीला लागणारे अक्षर, हे तुम्ही व्याकरणात शिकला असालच. स्पॅनिशमध्ये 'आसो' असा एक प्रत्यय आहे. (स्पेनमध्ये तो जीभ दातांना लावून 'आथो' असा म्हणतात, दक्षिण अमेरिकेत 'आसो'.) तो लागला की वस्तू मोठी तरी होते, नाहीतर तिचा दणका तरी बसतो! 'गोल'ला लावा, झाला 'गोलासो', म्हणजे जबरदस्त गोल. 'पुएर्ता' म्हणजे दार. 'पोर्तासो' म्हणजे दार धाडकन आपटणे. 'कोदो' म्हणजे कोपर. 'कोदासो' म्हणजे कोपराने दिलेली ढुशी. त्या दिवशी मैदानावर नुसता 'गोलासो! गोलासो!' असा कल्ला चालला होता.

पण माझ्या यादीतही हाच प्रत्यय वाट बघत बसला होता. 'कासेरोला' म्हणजे स्वयंपाकाचे पातेले. आणि 'कासेरोलासो' म्हणजे पातेली वाजवून केलेला निषेध.

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर चिली नावाचा लांबट, मिरचीसारखा देश आहे. तिथे १ डिसेंबर १९७१ रोजी हजारो बायका रिकामी पातेली वाजवत राजधानीच्या रस्त्यावर उतरल्या. दुकानांत वस्तू मिळत नाहीत म्हणून त्या राष्ट्राध्यक्ष आयेंदे यांच्या सरकारवर चिडल्या होत्या. पुढे १९७३ मध्ये लष्कराने ते सरकार उलथवले आणि पिनोशे हा सेनापती हुकूमशहा झाला. मग १९८३ मध्ये त्याच्याविरुद्ध लोकांनी पुन्हा पातेलीच वाजवली. पातेले तेच, पण बाजू दुसरी. पातेल्याला पक्ष नसतो.

अर्जेंटिनात डिसेंबर २००१ मध्ये सरकारने बँकांतून पैसे काढण्यावर कडक बंधने घातली. लोकांनी त्या बंधनाला नाव दिले 'कोर्रालितो'. रांगणारे बाळ इकडेतिकडे जाऊ नये म्हणून त्याच्याभोवती जे छोटे कुंपण ठेवतात ना, ते कोर्रालितो. घामाचे पैसे कुंपणात अडकले! १९ डिसेंबरच्या रात्री राष्ट्राध्यक्षांनी आणीबाणी जाहीर केली, तर लोक घराघरांतून पातेली, झाकण्या, चमचे घेऊन बाहेर आले. दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष दे ला रुआ यांनी राजीनामा दिला आणि ते हेलिकॉप्टरने निघून गेले. पण ही गोष्ट ऐकून लगेच टाळ्या वाजवू नका. त्या दोन दिवसांत तिसाहून अधिक माणसे जिवाला मुकली. दुकाने लुटली गेली. लुटीला स्पॅनिशमध्ये 'साकेओ' असा वेगळा शब्द आहे आणि तो वेगळाच असायला हवा. पातेले वाजवणे निराळे आणि दुकान फोडणे निराळे.

काही वेळा तर अख्ख्या शहरालाच 'आसो' लागतो. कोलंबियाची राजधानी बोगोता. तिथे ९ एप्रिल १९४८ रोजी गायतान या लोकप्रिय नेत्याचा खून झाला आणि शहर पेटले. त्या दिवसाचे नाव 'बोगोतासो'. अर्जेंटिनातल्या कोर्दोबा शहरात २९ मे १९६९ रोजी मोटारींच्या कारखान्यांतले कामगार आणि विद्यार्थी लष्करी राजवटीविरुद्ध एकत्र उठले. ते 'कोर्दोबासो'. व्हेनेझुएलाच्या काराकासमध्ये २७ फेब्रुवारी १९८९ रोजी बसचे भाडे वाढले म्हणून लोक भडकले. मग लष्कराने गोळ्या झाडल्या आणि शेकडो माणसे मेली. ते 'काराकासो'. शाळेच्या बाकावर बसून 'गोलासो' म्हणताना जी मजा वाटते, ती इथे वाटत नाही. तोच प्रत्यय, पण त्याचे वजन केवढे बदलले!

कासेरोलासोचा अर्थ मी आईला सांगितला, तेव्हा तिच्या हातातला लसूण तसाच राहिला. "आम्ही हंडे वाजवले होते की," ती म्हणाली.

ती गोष्ट मलाही आठवते. १९९९ चा मे महिना. मी नऊ वर्षांची. आमचे गाव दुष्काळी पट्ट्यातले. विहीर आटलेली, आठवड्यातून एकदा टँकर यायचा तोही येईना. चाळीसेक बायका रिकामे हंडे डोक्यावर घेऊन उन्हातून चालत तालुक्याच्या कचेरीवर गेल्या. आईने मला कडेने चालवत नेले होते. कचेरीच्या आवारात त्या बसल्या आणि लोट्याने हंडे वाजवू लागल्या. तो आवाज अजून माझ्या कानांत आहे. भरल्या हंड्याचा आवाज बद्द येतो, रिकाम्याचा टणटण येतो. चौथ्या दिवशी टँकर आला.

मुंबईतल्या बायकांनी तर हे त्याच्याही खूप आधी केले होते. १९७२ मध्ये महागाई भडकली, तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि इतर कार्यकर्त्यांबरोबर हजारो गृहिणी थाळ्या आणि लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. त्याला लोक 'लाटणे मोर्चा' म्हणत. चिलीच्या बायकांचे पाहून मुंबईच्या बायकांनी केले, असे मुळीच समजू नका. घरातले धान्य संपले की हातात उरते ते भांडेच. तेव्हा वाजवायचे तेच.

आता मी तुम्हांला या सगळ्या यादीतली खरी गंमत सांगते. गंमत कसली, जरा गंभीरच गोष्ट आहे.

आमच्या हंडा मोर्च्याची बातमी दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात आली होती. चार ओळींचीच. मथळा होता : 'महिलांचा कचेरीत गोंधळ'. माझ्या मोठ्या भावाने ती वाचून दाखवली. आई चकित होऊन म्हणाली, "गोंधळ? गोंधळ तर देवीचा घालतात. आम्ही पाणी मागितलं."

बघा, एकच घटना. बायकांना ती पाण्याची मागणी वाटली. कचेरीत पंख्याखाली बसलेल्याला गोंधळ वाटला. आणि छापला गेला तो दुसरा शब्द.

स्पॅनिशचा हा धडा वाचताना मला तेच पुन्हा पुन्हा दिसत गेले. माद्रिद शहरात मार्च १७६६ मध्ये मोठी दंगल झाली. राजा होता तिसरा कार्लोस. त्याचा एस्किलाचे नावाचा एक इटालियन मंत्री होता. त्याने हुकूम काढला, की पुरुषांनी लांब झगा आणि रुंद काठाची टोपी घालायची नाही. कारण त्यात गुन्हेगार तोंड लपवतात. लोक खवळले. मंत्र्याला पद सोडावे लागले. इतिहासात या प्रकाराला 'एस्किलाचेचे मोतीन' म्हणतात. मोतीन म्हणजे दंगा, बेबंदशाही. वाचणाऱ्याला वाटते, काय हे लोक, टोपीसाठी दंगा! पण त्या दिवसांत पावाचे भाव कितीतरी वाढले होते आणि गरिबांच्या पोटात आग होती, हे त्या नावात कुठे दिसते? टोपी लक्षात राहिली आणि भाकरी विसरली गेली.

याच्या उलटही घडते. स्पेनमध्ये जुलै १९३६ मध्ये काही सेनापतींनी लोकांनी निवडून दिलेल्या सरकारविरुद्ध सैन्य उभे केले. त्यांतलाच एक फ्रँको. त्यांनी स्वतःच्या कृत्याला नाव दिले 'राष्ट्रीय आल्सामिएन्तो'. म्हणजे राष्ट्राचा उठाव! किती उदात्त, नाही? ज्यांच्यावर तो कोसळला त्यांनी त्याला 'गोल्पे' म्हटले, म्हणजे तडाखा. १९३९ पर्यंत यादवी युद्ध चालले. त्यानंतर फ्रँकोने १९७५ मध्ये मरेपर्यंत राज्य केले आणि तेवढा सगळा काळ सरकारी पुस्तकांतून 'उठाव' हाच शब्द शिकवला गेला. तेव्हा मुलांनो, छान शब्द दिसला म्हणून लगेच भुलायचे नाही.

आपल्याकडेही पाहा. १८५७ मध्ये उत्तर हिंदुस्थानात जे घडले, त्याला इंग्रजांनी 'शिपायांचे बंड' म्हटले. त्यांचा इंग्रजी शब्द आणि स्पॅनिश 'मोतीन' हे एकाच मुळाचे. वरसईचे विष्णुभट गोडसे त्या धामधुमीत झाशीत होते. त्यांच्या 'माझा प्रवास' या पुस्तकातही 'बंड' हाच शब्द आहे. पुढे सावरकरांनी त्यालाच 'स्वातंत्र्यसमर' म्हटले. तीच माणसे, त्याच तलवारी. शब्द बदलला आणि ती माणसे गुन्हेगारांची वीर झाली.

सगळ्यांत जास्त मला ज्या शब्दांनी अस्वस्थ केले, ते अर्जेंटिनातले आहेत. १९७६ ते १९८३ या काळात तिथे लष्कराचे राज्य होते. विरोधाचा नुसता संशय आला तरी माणसे रात्री उचलून नेली जात आणि ती पुन्हा दिसत नसत. मानवाधिकार संघटना अशा माणसांचा आकडा ३०,००० सांगतात. त्यांत कित्येक तर नुकतेच कॉलेजात गेलेले होते. आणि राज्यकर्त्यांनी आपल्या या राजवटीला नाव काय दिले होते? 'राष्ट्रीय पुनर्रचनेची प्रक्रिया'! इस्त्री केलेल्या कपड्यासारखा कडक, स्वच्छ शब्द. एक डाग दिसत नाही.

३० एप्रिल १९७७ रोजी चौदा बायका राजधानी ब्वेनोस आइरेसच्या मायो चौकात जमल्या. "आमची मुले कुठे आहेत?" एवढेच त्यांना विचारायचे होते. एकत्र उभे राहायला बंदी होती. पोलीस ओरडले, "सिर्कुलेन!" म्हणजे फिरत राहा, थांबू नका. त्या आया म्हणाल्या, ठीक आहे. त्या दोघी-दोघींनी हात धरून चौकातल्या स्मारकाभोवती गोल फिरू लागल्या. थांबू नका म्हणालात ना, मग आम्ही थांबत नाही! पुढे त्यांनी डोक्याला पांढरे रुमाल बांधायला सुरुवात केली. पहिले रुमाल म्हणजे बाळांची लंगोटाची कापडे होती. दर गुरुवारी त्या फिरत राहिल्या. राजवट गेली, त्या म्हाताऱ्या झाल्या, तरी त्यांचा गुरुवार चुकला नाही.

त्यांच्यातल्या काही जणी स्वतःच बेपत्ता झाल्या. म्हणून ही गोष्ट सांगताना माझा आवाज जरा खाली येतो. पण हुकूम देणाऱ्याचाच शब्द घेऊन त्याच्याच समोर तो पाळून दाखवायचा, असे बंड मी दुसरे ऐकलेले नाही. त्यांच्या हातात दगड नव्हता, पातेलेसुद्धा नव्हते.

या धड्याचा मला वर्गात उपयोग होईल, असे खरेच वाटले नव्हते. पण गेल्या हिवाळ्यात तो झाला.

आमच्या शाळेचे मैदान लहान. खेळाच्या तासाला मुलांचा फुटबॉल सुरू झाला की मुली कडेला भिंतीशी लंगडी खेळायच्या. एका सोमवारी तास सुरू झाला आणि तिसरी-चौथीच्या अकरा मुली मैदानाच्या मधोमध जाऊन मांडी घालून बसल्या. बोलणे नाही, ओरडणे नाही. मुले धावत माझ्याकडे आली. "बाई, मुली दंगा करताहेत!" फाटकाशी एक पालक उभे होते. ते हसून म्हणाले, "घ्या! आत्तापासूनच बंड!"

मी सगळ्यांना वर्गात नेले. फळ्यावर सहा शब्द लिहिले : दंगा, भांडण, हट्ट, बंड, संप, निदर्शने. म्हटले, "आज मैदानावर जे झाले त्याला यांतला कोणता शब्द द्यायचा ते तुम्ही ठरवा. पण ज्याने शब्द निवडला त्याने कारण सांगायचे."

मग जी चर्चा रंगली म्हणता! एकजण म्हणाला, "दंगाच." लगेच दुसरा, जो स्वतः १० नंबरचा सदरा घालतो तो, उठून म्हणाला, "दंग्यात आवाज असतो. या तर गप्प बसल्या होत्या." कुणी म्हणाले, हट्ट. तेव्हा एक मुलगी म्हणाली, "हट्ट म्हणजे एकट्याचा असतो आणि तो खाऊसाठी असतो. आम्ही मैदान मागतोय. आधी दोनदा मागितलं होतं कप्तानाकडे. तो ऐकलाच नाही." कप्तान खाली बघू लागला. संप का नाही, तर त्यांनी काही काम सोडले नव्हते. अशी एकेका शब्दावर काट बसत गेली. शेवटी 'निदर्शने' उरला. पण ती मुलगी पुन्हा उठली. "बाई, यात आमचा शब्दच नाही. सातवा लिहा, मागणी."

मी सातवा शब्द लिहिला. त्या दिवशी माझ्या दैनंदिनीतही तोच लिहिला : 'मुलींनी मैदानाच्या मधोमध बसून मैदानाची मागणी केली.'

मग वाटणी झाली. मंगळवार आणि गुरुवार मैदान मुलींचे, सोमवार आणि बुधवार मुलांचे, बाकीच्या दिवशी सगळ्यांनी मिळून खेळायचे. आता चार मुली फुटबॉलही खेळतात. परवा एकीने गोल मारला तेव्हा गोलरक्षकच ओरडला, "गोलासो!"

त्याच आठवड्यात मी मुलांना चिलीच्या पेंग्विनांची गोष्ट सांगितली. खरे पेंग्विन नव्हेत हं! तिथल्या शाळांचा गणवेश गडद निळा आणि पांढरा, म्हणून विद्यार्थ्यांना लोक लाडाने 'पिंग्विनो' म्हणतात. २००६ मध्ये या पेंग्विनांनी शाळांमधून आंदोलन केले. बसचा पास फुकट द्या, विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेची फी माफ करा, ही त्यांची सुरुवातीची मागणी. मग ते मुळाशीच गेले. पिनोशेच्या राजवटीच्या अगदी शेवटच्या दिवशी, मार्च १९९० मध्ये, शिक्षणाचा एक कायदा जाहीर झाला होता. त्या कायद्यामुळे श्रीमंतांची शाळा आणि गरिबांची शाळा यांतली दरी वाढते, असे विद्यार्थ्यांचे म्हणणे होते. लाखो मुले त्यांत उतरली. सरकारला बोलणी करावी लागली आणि २००९ मध्ये त्या कायद्याच्या जागी नवा कायदा आला. तो सगळ्यांना पुरेसा वाटला नाही, ती चर्चा पुढेही चालली. पण या सगळ्याचे नाव काय पडले माहीत आहे? 'पेंग्विनांची क्रांती'. चिडवायचे नाव मुलांनी झेंड्यासारखे मिरवले!

पालकांनाही एक सांगावेसे वाटते. आपण घरात सहज म्हणून जातो, "फार बंडखोर झालाय हा," "उलट बोलते ही," "काय दंगा चालवलाय!" शब्द तोंडात असतो, म्हणून निघतो. पण शब्द आधी आला की त्या पोराला काय हवे होते हे विचारायचे राहून जाते. विचारून बघा. दहांपैकी काही वेळा तो निव्वळ दंगाच निघेल, तेव्हा खुशाल रागवा. पण एखाद्या वेळी ती सातव्या शब्दाची गोष्ट निघेल.

आणि मुलांनो, तुम्ही एक काम करा. एक वही घ्या. पानावर तीन रकाने आखा. वर्तमानपत्रात, दूरदर्शनवर, इतिहासाच्या पुस्तकात बंड, उठाव, दंगल, गोंधळ, क्रांती असा शब्द भेटला, की तो पहिल्या रकान्यात लिहा. दुसऱ्यात लिहा, हा शब्द कोणी वापरला? तो कुठे उभा होता, कचेरीत पंख्याखाली की बाहेर उन्हात? तिसऱ्यात लिहा, त्याच्या आधी त्या लोकांनी काय मागितले होते? तिसरा रकाना भरायला वेळ लागतो. आजीला विचारावे लागते, वाचनालयात जावे लागते. माझ्याही वहीत तो पुष्कळ ठिकाणी रिकामा आहे.

स्पॅनिशच्या पुस्तकात माझा पुढचा धडा आता सुरू झाला आहे. त्याचे नाव 'स्वयंपाकघर'. पहिलाच शब्द आला, 'कासेरोला'. आई म्हणाली, "हा तर मला येतो!"